लॉकआउटला रिझर्व्ह डेप्युटी म्हणून जाताय? तिसरा माणूस म्हणून जा

प्रश्न थोडक्यात असा. कॅलिफोर्नियात राहणारा आपला एक मराठी मुलगा, दिवसा आयटीत नोकरी, शेरीफच्या (काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या पोलीसप्रमुखाच्या) ऑफिसात लेव्हल टू रिझर्व्ह, म्हणजे हौशी डेप्युटी म्हणून नुकतीच शपथ घेतलीये, आणि सिव्हिल युनिटच्या (कोर्टाचे दिवाणी हुकूम बजावणाऱ्या पथकाच्या) सार्जंटने विचारलंय की बुधवारी इव्हिक्शनला, म्हणजे भाडेकरूला बाहेर काढून कुलूप बदलायच्या लॉकआउटला येतोस का, माणसं कमी पडतायत. जाऊ का, काय करायचं असतं, धोका किती? बायको नको म्हणतेय, आणि नाशिकचा भाऊ म्हणतोय की हे म्हणजे आपल्याकडचे होमगार्डच की.

मी चौदा वर्षं रिझर्व्ह होतो, त्यातली आठ सिव्हिलमध्ये काढली, म्हणजे लोकांच्या घराला दुसऱ्याने लावलेलं कुलूप बघण्यात काढली असं म्हण. तेव्हा सविस्तर लिहितो, लांबलं तर सांभाळून घे.

जा. पण सार्जंटला आधी एकच विचार, की माझ्याशिवाय किती जण आहेत? तो म्हणाला दोन रेग्युलर डेप्युटी आहेत आणि तू तिसरा, तर डोळे झाकून जा. तो म्हणाला एक डेप्युटी आणि तू, तर नम्रपणे सांग की सर, या वेळी नको. भित्रेपणाचा यात काही संबंध नाही, साधा हिशोब आहे. कॅलिफोर्नियाच्या पीनल कोडच्या ८३२.६ कलमात रिझर्व्हचे तीन स्तर आहेत. लेव्हल वनला एकट्याने काम करता येतं, लेव्हल टूने पूर्ण ट्रेनिंग झालेल्या अधिकाऱ्याच्या थेट देखरेखीखालीच राहायचं आणि लेव्हल थ्रीला फक्त मर्यादित मदतीची कामं. आता तू लेव्हल टू, म्हणजे तुझ्यासोबतच्या डेप्युटीचं अर्धं लक्ष कायद्यानेच तुझ्यावर असायला पाहिजे. मग दाराकडे कोण बघणार? कागदावर दोन माणसं दिसतात, प्रत्यक्षात दीडही नसतात. ऑफिसं मात्र नेमकी इथेच चुकतात. इव्हिक्शन तुंबले, रेग्युलर ओव्हरटाइम करून थकले, मग कुणाच्या तरी डोक्यात येतं की अरे रिझर्व्ह आहेत की, तेही फुकट! (लॉस एंजेलिस काउंटीत तर रिझर्व्हला वर्षाला एक डॉलर पगार, तोही नावापुरता.)

आता तू म्हणशील, कागद लावायचा आणि कुलूप बदलायचं, त्यात एवढं काय. तर २०१२ चा एप्रिल आठव, नसेल माहीत तर माहीत करून घे. आपल्याच राज्यात मोडेस्टोमध्ये स्टॅनिस्लॉस काउंटीचा एक डेप्युटी इव्हिक्शनच्या कामाला गेला, सोबत लॉकस्मिथ होता, आतून दारातून रायफलच्या गोळ्या आल्या आणि दोघंही तिथेच गेले. त्यातला एक माणूस साधा कुलूपवाला होता रे, ड्रिल घेऊन दारासमोर बसलेला. २०२२ च्या ऑगस्टमध्ये टूसॉनला इव्हिक्शनचा कागद द्यायला गेलेल्या कॉन्स्टेबल (तिथे कोर्टाचे कागद बजावणारा अधिकारी) बाईंना मारलं, २०२४ च्या फेब्रुवारीत मिझुरीत इंडिपेंडन्सला कोर्टाचा प्रोसेस सर्व्हर (कागद बजावणारा) आणि एक पोलीस अधिकारी गेला. ट्रॅफिक स्टॉपला समोरच्याला आधी माहीत नसतं की तू येणारेस. इव्हिक्शनला त्याच्या दारावर आपणच तारीख आणि वेळ चिकटवून आलेलो असतो! तयारी करायला त्याला आख्खा आठवडा मिळतो.

म्हणून आदल्या दिवशीचं काम महत्त्वाचं, आणि रिझर्व्हचा खरा उपयोग माझ्या मते इथेच आहे. रेग्युलरच्या हातात दिवसाला आठ-दहा पत्ते असतात, त्याला प्रत्येकाचा इतिहास खोदायला वेळ नसतो. तू संध्याकाळी बस आणि काढ. त्या पत्त्यावर आधी किती वेळा कॉल गेलेत, कशाबद्दल, कुणाच्या नावावर बंदुका नोंदलेल्या आहेत का, कुत्रा आहे का, घरात अंथरुणाला खिळलेलं म्हातारं माणूस आहे का, लहान मुलं किती. म्हातारं माणूस असेल तर अ‍ॅडल्ट प्रोटेक्टिव्हवाल्यांना (वृद्धांची काळजी बघणाऱ्या सरकारी खात्याला) आधी फोन गेला पाहिजे, लॉकआउटच्या सकाळी गेला तर उपयोग शून्य.

आणि रिट, म्हणजे ताबा द्यायचा कोर्टाचा हुकूम, स्वतः वाच, सार्जंटने वाचलीये म्हणून सोडू नकोस. क्रम असा असतो की अनलॉफुल डिटेनरचा (भाडेकरूला काढायच्या खटल्याचा) निकाल लागला की कोर्टाचा क्लार्क रिट ऑफ पझेशन काढतो, ती १८० दिवस चालते, मालक ती लेखी सूचनांसकट शेरीफकडे देतो, मग आपण नोटीस टू व्हेकेट (घर खाली करायची नोटीस) देतो किंवा दारावर लावतो आणि तिथून पाच दिवस मोजायचे. पाच दिवसांत नाही निघाले तर लॉकआउट. ही सगळी साखळी तुला पाठ पाहिजे कारण दारात उभा राहिलास की लोक तुलाच विचारतात, आणि तुझ्या शर्टावर रिझर्व्ह लिहिलंय की नाही हे कुणी बघत नाही. एकदा आमच्या रिटवर युनिट ‘बी’ होतं आणि मॅनेजर आम्हाला ‘डी’ समोर घेऊन गेला, म्हणाला अहो हेच घर, ऑफिसातल्या पोरीने टाइप चुकवलं. असेल, शक्य आहे. आम्ही गाडीत बसून परत आलो. कॅलिफोर्नियात कायदा आपल्याला संरक्षण देतो ते कागद वरून बघता नियमित असेल तरच, आणि ‘बी’च्या कागदावर ‘डी’चं कुलूप फोडणं म्हणजे घरफोडी झाली की, फक्त युनिफॉर्म घालून केलेली. मॅनेजरने आमच्या नावाने ठणाणा केला, लॉकस्मिथचे पैसे पाण्यात गेले, पुढच्या आठवड्यात दुरुस्त कागद आला आणि काम झालं.

नावंही बघ. रिटवर ज्याचं नाव नाही असा प्रौढ माणूस आत सापडला की ‘क्लेम ऑफ राइट टू पझेशन’ (इथे राहायचा माझाही हक्क आहे असं सांगणारा) हा फॉर्म आठवायचा, तो रिटसोबत दिलेला असतो. खटल्याच्या सुरुवातीलाच मालकाने प्रीजजमेंट क्लेमचा (निकालाआधीच तो हक्क सांगायचा) कागद रीतसर बजावला असेल तर सहसा हा रस्ता बंद असतो, नाहीतर तो माणूस लॉकआउटच्या क्षणापर्यंत फॉर्म भरून आपल्या हातात देऊ शकतो आणि मग आपण थांबतो, पुढचं कोर्ट बघतं. बँकेने जप्त केलेल्या घरातल्या भाडेकरूचं अजून वेगळं आहे, त्याच्या हक्कात डोकं घालू नकोस, सार्जंटला बोलव. २००८ च्या ऑक्टोबरमध्ये शिकागोत कुक काउंटीचे शेरीफ टॉम डार्ट यांनी फोरक्लोजरचे, म्हणजे अशाच जप्त घरांचे इव्हिक्शन सरळ थांबवले होते, का तर आत राहणाऱ्या भाडेकरूंना मालकाने हप्ते थकवलेत हेच माहीत नव्हतं, ते बिचारे दर महिन्याला भाडं भरत होते. शेरीफने कोर्टाच्या ऑर्डरला थांब म्हणणं हा मोठा जुगार होता, पण आपण दारात जाऊन कुणाला बाहेर काढतोय हे बघायची जबाबदारी आपली, एवढं त्या माणसाने सगळ्या देशाला दाखवलं.

दाराशी आलास की दारासमोर उभा राहायचं नाही, आणि लॉकस्मिथलाही राहू द्यायचं नाही. मोडेस्टोनंतर तरी हे कुणाला समजवायला लागू नये, तरी लागतं. आधी ठोकायचं, ओळख द्यायची, थांबायचं, परत ठोकायचं, मग कुलूप. आत शिरायचं काम दोन रेग्युलर करतात. तू बाहेर, जिथून मागचं दार किंवा जिना दिसतो तिथे. कंटाळवाणं आहे, मान्य. मी पहिलं वर्षभर बहुतेक जिनेच बघितले.

आता मुख्य मुद्द्यावर येतो, जो ट्रेनिंगमध्ये कुणी नीट सांगत नाही. रिझर्व्हचा मोठा धोका त्याचा स्वभाव असतो. आपण हौसेने आलेलो असतो ना, मदत करायला. रेग्युलर डेप्युटी सहाव्या इव्हिक्शनला पोचेपर्यंत थंड झालेला असतो, तो जेवढं कागदावर आहे तेवढंच करतो. आपल्याला मात्र मदत करायची खाज असते. मालक म्हणतो साहेब जरा हा सोफा धरा ना, आपण धरतो. टेनंट रडत म्हणते दोन दिवस द्या, आपण म्हणतो बघू हं. दोन्ही ठिकाणी आपण कोर्टाच्या ऑर्डरीबाहेर पडलो, आणि ते बॉडीकॅमवर, म्हणजे छातीवरच्या कॅमेऱ्यात आहे.

माझी स्वतःची चूक सांगतो, सात-आठ वर्षं झाली त्याला. एका अपार्टमेंटला गेलो, दार उघडलं एका मावशींनी, नऊवारी नव्हे पण कपाळाला ठसठशीत कुंकू, आतून कुकरची शिट्टी. युनिफॉर्ममधले तिघं बघून मागे वळून म्हणाल्या, “अरे, तुझे कोणी मित्र आलेत बघ, चहा टाकू का?” माझ्या तर पोटात गोळाच आला. पोराची नोकरी सात महिन्यांपूर्वी गेलेली, भाडं थकलेलं, कोर्टाचे सगळे कागद त्याने ड्रॉवरमध्ये दडवलेले, आणि आई-वडील साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आलेले, त्यांना यातलं काही म्हणजे काही माहीत नाही. दारावरची नोटीसही त्यानेच सकाळी लवकर उठून काढून टाकलेली. सार्जंट म्हणाला तू त्यांच्याशी बोल, तुझी भाषा आहे. बोललो. मावशींनी गॅस बंद केला, पदराने हात पुसले आणि एकच विचारलं, “देवांचं काय करू?” कोपऱ्यात लाकडी देव्हारा होता, इकीयाच्या टेबलावर, निरांजन अजून तेवत होतं.

आम्ही त्यांना पंधरा-वीस मिनिटं दिली, तेवढं चालतं, औषधं, पासपोर्ट, दोन बॅगा. देव्हारा मोठा होता, टॅक्सीत मावेना. आणि मी म्हणालो, “मावशी, संध्याकाळी येऊन घेऊन जा, मी सांगतो त्यांना.” बस, एवढंच वाक्य. मॅनेजर शेजारीच उभी होती पण तिला मराठी कुठून कळणार, मी तिला सांगितलं तर म्हणाली बघते, आणि मी ते हो म्हणून धरलं. संध्याकाळी ऑफिस बंद. पोराने अर्धा तास वाट बघितली आणि बाल्कनीच्या सरकत्या दारातून आत शिरला. कायदेशीर ताबा दिल्यावर परत आत शिरणं हा कॅलिफोर्नियात गुन्हा आहे, पीनल कोड ४१९. शेजाऱ्याने फोन केला, गस्तीवरचे आले, पोराच्या हातात साइटेशन (गुन्ह्याची नोटीस) पडली, आणि वडील खाली पार्किंगमध्ये उभे राहून बघत होते. तो पोलिसांना म्हणत होता की मला त्या मराठी डेप्युटीने सांगितलं होतं. खरंच होतं ते.

सार्जंटने दुसऱ्या दिवशी मला बॉडीकॅम लावून दाखवला, ओरडला नाही, फक्त विचारलं की या वाक्याचा अर्थ काय? मी भाषांतर केलं. तो म्हणाला हे मी तुला बोलायला सांगितलं होतं का? नव्हतं. मला काय करता आलं असतं तर मॅनेजरकडून तिथल्या तिथे वेळ आणि फोन नंबर कागदावर घेऊन त्यांच्या हातात द्यायचा. मागे राहिलेलं सामान मालकाने सांभाळायचं असतं, पंधरा दिवसांत वेळ ठरवून ते नेता येतं, साठवणुकीचा वाजवी खर्च मालक मागू शकतो, आणि ही सगळी त्या दोघांतली गोष्ट, त्यात शेरीफचा शब्द घालायचा नाही. आपल्या राज्यात डेप्युटी सामान बाहेर काढतच नाही, ताबा देतो, पावतीवर सही घेतो आणि निघतो. टेक्ससमध्ये वेगळं, तिथे सामान बाहेर ठेवतात, पण पाऊस किंवा बर्फ पडत असेल तर ठेवता येत नाही असं कायद्यातच आहे. म्हणजे तिथला नुसता व्हिडिओ बघून इथे शिकू नकोस.

भाषा येणारा रिझर्व्ह हा सोन्याचा तुकडा आहे हे आजही म्हणतो. पण भाषांतर करायचं म्हणजे सार्जंट बोलला तेवढंच पलीकडे पोचवायचं. आपल्या माणसांपुढे हे अवघड जातं, तयारीने जा.

नुसतं उभं राहणंही काही कमी जोखमीचं नसतं. सोल्डल विरुद्ध कुक काउंटी ही केस जमलं तर वाच. १९८७ चा सप्टेंबर, इलिनॉयमधलं मोबाइल होम पार्क, इव्हिक्शनची सुनावणी अजून दोन-अडीच आठवडे लांब होती, पण मालकाला दम निघेना, त्याने ट्रेलर-घर ओढून न्यायला माणसं आणली आणि शेरीफचे डेप्युटी बोलावले. डेप्युटींनी घराला हातही लावला नाही, फक्त राहणाऱ्याला सांगितलं की तू मध्ये पडू नयेस म्हणून आम्ही आलोय. पाण्याची, ड्रेनेजची जोडणी उखडली आणि घर नेलं ओढत. काही दिवसांनी कोर्टाने परत आणायला लावलं तोवर त्याची वाट लागली होती. १९९२ मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं की घर असं उचलून नेणं ही चौथ्या घटनादुरुस्तीखालची जप्तीच. तेव्हा कुणी मालक रिटच्या तारखेआधी म्हणाला की साहेब नुसते उभे राहा, बाकी आम्ही बघतो, तर तिथून गाडी काढायची.

उलट टोक बघायचं असेल तर फिलाडेल्फिया. तिथे शेरीफच्या जोडीला लँडलॉर्ड-टेनंट ऑफिसर नावाची पद्धत आहे, कोर्टाने नेमलेला एक खाजगी वकील आणि त्याने कंत्राटावर घेतलेली बंदूकधारी माणसं. २०२३ मध्ये मार्चमध्ये एका बाईच्या डोक्यात गोळी लागली, जुलैमध्ये दुसरीच्या पायात, मग काही काळ ते इव्हिक्शनच थांबवावे लागले. ती माणसं रिझर्व्ह नव्हती, मान्य, पण धडा आपल्यालाच लागू आहे, की कोर्टाची ऑर्डर हातात असणं आणि ती बजावायचं ट्रेनिंग असणं या दोन वेगळ्या वस्तू आहेत. रिझर्व्हचंच उदाहरण हवं तर ओक्लाहोमातलं टल्सा, २०१५, त्र्याहत्तर वर्षांचा रिझर्व्ह डेप्युटी, टेझर (विजेचा झटका देणारं हत्यार) समजून पिस्तूल चालवलं, समोरचा गेला, याला चार वर्षांची शिक्षा. त्यानंतर त्याच्या ट्रेनिंगच्या कागदांवरून जो गदारोळ झाला त्यात शेरीफचीही खुर्ची गेली. तेव्हा तुझे दर दोन वर्षांचे ट्रेनिंगचे २४ तास, रेंजची (नेमबाजीच्या सरावाची) तारीख, टेझरचं सर्टिफिकेट याची फाइल तू स्वतः ठेव. ऑफिसकडे असेलच म्हणून बसू नकोस.

इव्हिक्शन सोडून सिव्हिलमध्ये पैशाच्या वसुलीचंही काम असतं, टिल टॅप म्हणजे दुकानात जाऊन गल्ल्यातली रोकड उचलायची, किंवा कीपर बसवायचा, जो तासन् तास गल्ल्याशी बसून येणारा पैसा ताब्यात घेतो. नव्या रिझर्व्हला मी हेच आधी देईन. दोघांनी मिळून मोजायचं, मालकासमोर, एकाने मोठ्याने, दुसऱ्याने लिहून, आणि पावती तिथल्या तिथे. चिल्लरसुद्धा. एकदा आम्ही टॅको शॉपमध्ये क्वार्टर्सचे ढीग लावत बसलेलो आणि मालक वैतागून शेवटी स्वतःच मोजू लागला. शेरीफ सेल म्हणजे लिलावाची ड्युटी त्याहून सोपी, गर्दी सांभाळायची आणि उन्हात उभं राहायचं.

आता भावाचा मुद्दा. होमगार्ड म्हटलं तर आहे आणि नाही. मुंबईत १९४६ च्या ६ डिसेंबरला होमगार्ड उभे राहिले तेच मुळी नागरिकांनी पोलिसांना हात द्यावा म्हणून, तेवढं साम्य खरं. पण आपल्याकडे ताबा वॉरंट घेऊन जातो तो कोर्टाचा बेलिफ, पोलीस असतात ते बंदोबस्ताला, आणि होमगार्ड आलाच तर पोलिसांच्या मागे. म्हणजे ऑर्डर बजावणारा एक आणि बळ देणारा दुसरा, हे वेगळं ठेवलंय. कुलूप तोडायचा अधिकारही दिवाणी संहितेत ऑर्डर २१ च्या नियम ३५ खाली बेलिफकडे, आणि त्यात रिवाजाप्रमाणे समोर न येणाऱ्या बायकांना आधी बाजूला व्हायची सवड द्या असंही जुन्या पद्धतीने लिहिलेलं आहे. कुणी आडवा आला तर बेलिफ तसा अहवाल देतो आणि प्रकरण परत कोर्टात, मग वर्षानुवर्षं. इथे बेलिफ आणि पोलीस एकाच शर्टात, म्हणून काम पटकन होतं आणि म्हणूनच चूकही महाग पडते. पंचनाम्याच्या जागी बॉडीकॅम. मला विचारशील तर दोन माणसं वेगळी असण्यात शहाणपण आहे, फक्त आपल्याकडे ते शहाणपण तारखांखाली गाडलं गेलंय.

बायकोसाठी दोन गोष्टी कर. एक, काउंटीच्या बोर्ड ऑफ सुपरवायझर्सने (काउंटीच्या कारभारी मंडळाने) रिझर्व्हना वर्कर्स कॉम्पमध्ये (कामावरच्या दुखापतीच्या भरपाईत) धरायचा ठराव केलाय का ते लेखी मागून घे, कारण पगार नसलेल्या रिझर्व्हचं तिथेच अडतं, आणि तुझ्या कंपनीच्या विम्यातही ड्युटीवरची दुखापत बसते का ते विचार. दोन, बुधवारी किती पत्ते आहेत आणि शेवटचा किती वाजता ते तिला सांगून ठेव, आणि प्रत्येक पत्त्यानंतर नुसता अंगठा पाठव. माझी बायको आठ वर्षं त्या अंगठ्यांवर जगली.

बुलेटप्रूफ व्हेस्ट घाल, पाणी ने, जाड ग्लोव्हजची जोडी जास्तीची ठेव. आणि घरी आल्यावर बूट गॅरेजमध्येच काढ, पँट सरळ गरम पाण्यात. ढेकूण. गोळी लागलेला आमच्यात कुणी नव्हता, देवाची कृपा, पण ढेकूण घरी नेले नाहीत असा एकही नाही.